पुढचा ठिपका

आमच्या घरमालकांच्या फाटकाचं आधी सांगून घेते, कारण पुढे ते लागणार आहे. बोगादीतल्या ह्या घराचं फाटक एका बिजागरीतून उतरलंय. नुसतं लोटलं तर फरशीवर असं करकरतं की दात आंबतात. उघडताना आणि लावताना ते गुडघ्यानं जरा वर उचलावं लागतं, मग कडी अलगद बसते. हे जमायला मला महिना लागला. पेपरवाल्याला, कुरिअरवाल्याला आणि आमच्या देवेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजून जमत नाही. "काका, एकदा वेल्डिंगवाला बोलवा की हो," असं मी पाच वर्षं म्हणतेय. त्यावर हयग्रीवराव म्हणतात, "कशाला मा? परका आला की करकरतं. घरचा आला की गप्प असतं. हे बरंच आहे की."

मी कमलिनी. मूळची सांगलीची, म्हैसुरात नवऱ्याच्या नोकरीमागं आलेली. घरी बसून भाषांतराची कामं करते. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या आणि ते काही खोटं नाही. ही हकिगत हयग्रीवरावांची आहे. पण तिच्यात एक ठिपका माझाही आहे. तो मी शेवटी सांगणार, कारण मला त्याची लाज वाटते.

राव पंच्याहत्तर वर्षांचे. घराणं सहा पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. घरात मराठी बोलतात, पण कसलं मराठी! आम्ही घर बघायला आलो तेव्हा म्हणाले, "या मा, कुत्कोळी, कॉफी घ्या, आमेले घर बघू." कुत्कोळी म्हणजे बसा, आमेले म्हणजे मग. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग त्यांच्या पत्नी, वेदवतीकाकू, आतून कॉफी घेऊन आल्या आणि त्याही तसंच बोलल्या, तेव्हा कळलं की ही चेष्टा नाही, हे ह्यांचं मराठीच आहे. आता माझ्याही तोंडात 'हौदा' बसलंय. खरं का, असं विचारायचं असलं की सांगलीत फोनवरसुद्धा 'हौदा' निघतं आणि बहीण हसते.

राव पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. धरणाच्या जागेचा सर्व्हे झाला की डोंगरांच्या उंचीच्या रेषा, त्या एकात एक वळणाऱ्या वेलांट्या, ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायच्या. अठ्ठावीस वर्षं हेच. हात इतका स्थिर की अजूनही चहा बशीत सांडत नाही. ब्याऐंशीच्या सुमाराला कॉलेजातले एक प्राध्यापक त्यांच्याकडे चार छोटी चित्रं घेऊन आले. भाषणासाठी मोठी करून हवी होती. रावांनी बघितलं, तर नेहमीच्याच रेषा. एक मोठा डोंगर, शेजारी एक टेकडी. चार चित्रं, एकाच जागेची, तीन वर्षांतली. त्यांनी ती मोठी केली, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली आणि घामच फुटला. टेकडी सरकली होती.

"मी तीन दिवस परत परत काढलं," राव सांगतात. "वाटलं माझा हात चुकला. मग म्हटलं, साहेब, तुमचा सर्व्हे चुकलाय. डोंगर चालत नाहीत."

प्राध्यापक हसले. म्हणाले, हा पृथ्वीवरचा डोंगर नाही. हे क्वेसारचं चित्र आहे. क्वेसार म्हणजे फार दूरच्या एखाद्या आकाशगंगेचा धगधगता गाभा. त्याच्या मधोमध राक्षसी कृष्णविवर असतं आणि दोन बाजूंना तापलेल्या द्रव्याच्या पिचकाऱ्या उडतात. ही टेकडी म्हणजे त्या पिचकारीतला एक गोळा. कन्या राशीतल्या ह्या क्वेसारचा उजेड आपल्याकडे यायला दोन अब्ज वर्षं लागतात. आणि हा गोळा तीन वर्षांत पंचवीस प्रकाशवर्षं सरकलेला दिसतोय.

आता बघा, माणूस जेमतेम मॅट्रिक. पण त्यानं विचारलं, "साहेब, तीन वर्षांत उजेड तीनच प्रकाशवर्षं जाणार. मग हा पंचवीस कसा गेला?"

त्या दिवसापासून राव त्या गोळ्याच्या मागं लागले ते आजतागायत. आता चित्रं इंटरनेटवर मिळतात. प्रिंटर माझा, कागद माझा, शाई माझी आणि कटकटही माझीच. पण दर नव्या चित्राला म्हातारा असा हरखतो की मी मुकाट्यानं छापून देते. सकाळी पूर्वेच्या खिडकीत ऊन आलं की काचेला कागद लावायचा, वर ट्रेसिंग, आणि गोळ्याच्या शिखरावर एक ठिपका. ठिपक्याशेजारी तारीख. चाळीस वर्षांचे ठिपके एका ओळीत.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, मला एकदाच समजावा. उजेडापेक्षा जोरात काही जातं की नाही?"

"जात नाही मा. दिसतं. सुम्ने, नुसतं दिसतं." मग त्यांनी मला हुणसूरची बस सांगितली. ती मी तुम्हाला सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

समजा, सकाळी आठला हुणसूरहून बस निघाली. हिनकलला, म्हणजे म्हैसूरच्या तोंडाशी, चाळीस किलोमीटरवर, नऊला पोचणार. तुम्ही हिनकलला डोळे मिटून बसलात. बस कुठं आहे ते चिठ्ठीवरूनच कळायचं. निघताना हुणसूरहून एक स्कूटरवाला चिठ्ठी घेऊन निघतो, पण त्याची स्कूटर बसपेक्षा जेमतेम जोरात. अर्ध्या वाटेवरून दुसरा निघतो, हिनकलच्या अलीकडच्या येलवाळहून तिसरा. पहिला बराच आधी निघाला, पण त्याला लांबून यायचंय. तो पोचणार आठ सत्तावन्नला. अर्ध्या वाटेवरचा उशिरा निघाला, पण जवळून, तो पहिल्यानंतर दीड मिनिटानं पोचणार. येलवाळवाला त्याच्या मागोमाग. आणि नऊच्या ठोक्याला बस. तुमच्या लेखी काय झालं? तीन मिनिटांत बस हुणसूरहून हिनकलला आली. खरं तर तासभर ती आपल्या चालीनंच येत होती.

"स्कूटर म्हणजे उजेड," राव म्हणाले. "बस म्हणजे गोळा. तो जवळजवळ उजेडाच्याच वेगानं येतो. आपल्याच बातमीच्या पाठोपाठ. अगदी नाकासमोर आला असता तर सरकताना दिसलाच नसता, जरा तिरका येतो म्हणून बाजूला सरकताना दिसतो. म्हणून ध्यानात ठेव मा, काही अशक्य वेगानं सरकताना दिसलं, की ते आपल्याच दिशेनं येत असतं. आणि बातमी पोचली म्हणजे ते पाठीशीच असतं."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "काहीतरीच काय काका! येऊन धडकणार का आपल्यावर?"

"छे छे. वाटेतच विझणार." मग म्हणाले, "दुसऱ्या बाजूलाही एक पिचकारी असणार. ती आपल्यापासून लांब जाते. ती कधी दिसली नाही बघ. जाणारं अंधुक होतं, आणि दिसलंच तर फार हळू जाताना दिसतं. हिनकलहून परत जाणाऱ्या बसच्या चिठ्ठ्या मोज. बस जाते तासात, पण तुला वाटणार दोन तास लागले."

तेव्हा काकू दारातच प्लास्टिकच्या वायरची पिशवी विणत बसल्या होत्या. त्या हिरव्या-पांढऱ्या पिशव्या त्या विणतात आणि भेटेल त्याला देतात, मलाही एक दिलीय. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जाणारं दिसत नाही म्हणे. मला दिसलं होतं."

त्यांच्या मुलाबद्दल होतं ते.

विजयेंद्र. एकुलता एक. फोटो हॉलमध्ये आहे, पदवीचा झगा घातलेला, गुबगुबीत गालांचा मुलगा. सत्ताविसाव्या वर्षी त्यानं नोकरी सोडली आणि घरी सांगितलंच नाही. सहा महिने रोज सकाळी आईनं दिलेला डबा हिरव्या-पांढऱ्या पिशवीत घालून निघायचा, कुक्करहळ्ळी तळ्यावर दिवसभर बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. काकूंना वास लागला होता. डबा परत यायचा तो धुतलेला. ऑफिसात कोण डबा धुतो? पण त्या बोलल्या नाहीत. रावांना कळलं ते कुणाकडून तरी, भर रस्त्यात. दोन हजार बारा साल, आषाढ. घरी येऊन राव जे बोलले त्यातलं शेवटचं वाक्य त्यांनीच मला सांगितलंय, खिडकीकडं तोंड करून.

"मी म्हटलं, नीघ. तुझं तोंड नको, तुझी बातमीही नको मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डब्याची पिशवी घेऊन निघाला आणि संध्याकाळी आला नाही. तळ्यावर बघितलं, पोलिसात सांगितलं, पेपरात दिलं. काही नाही. बापाचं एवढं एक वाक्य त्यानं ऐकलं आणि ते बारा वर्षं पाळलं.

ह्या लोकांत रीत आहे की बारा वर्षं माणसाची बातमी नाही तर तो गेला असं धरायचं. पळसाची पानं आणि दर्भ बांधून त्याचा पुतळा करायचा, दहन करायचं, पिंड द्यायचा. नाहीतर तो अडकून राहतो म्हणतात. काकू नको म्हणत होत्या, राव गप्प होते आणि नातेवाईक ऐकत नव्हते. शेवटी गेल्या वर्षी आषाढात, श्रीरंगपट्टणजवळ पश्चिमवाहिनीला जाऊन रावांनी आपल्या मुलाला पाण्याच्या काठी जाळून टाकलं. स्थिर हाताचा माणूस. त्या दिवशी मात्र पळी हातातून तीनदा पडली, असं काकू म्हणाल्या. सगळ्या नात्यागोत्यात कळलं, मडिकेरीपासून बेंगळुरूपर्यंत. विजयेंद्रचे दिवस झाले.

ह्या वर्षी आषाढात वर्षश्राद्ध होतं. दोघं सकाळीच पश्चिमवाहिनीला गेली. मी घरी होते.

त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी, श्रावणात, मठातली आराधना, म्हणजे स्वामींची पुण्यतिथी, आली. तीन दिवस पूजा, तीन दिवस पंगती. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी सगळी मंडळी त्या तीन दिवसांत एका पंगतीला येतात. लग्नं तिथंच ठरतात, भांडणं तिथंच मिटतात आणि वर्षभर पोटात ठेवलेल्या गोष्टी तिथंच ओठावर येतात.

पहिल्या दिवशी दुपारी राव मठातून आले ते थेट माझ्याकडं, वर. पायऱ्या चढून दम लागला होता. म्हणाले, "मडिकेरीची तुंगा आली आहे. वेदवतीची मावसबहीण. ती म्हणते, तिनं विजूला बघितला."

मी हातातलं काम तसंच ठेवलं.

नोव्हेंबरात बघितला होता, मडिकेरीच्या बाजारात. दाढी वाढलेली, अंग नुसतं वाळलेलं, हातात हिरवी-पांढरी पिशवी. तो संत्र्यांच्या गाडीपाशी उभा होता. तुंगाबाईंनी हाक मारली नाही. का मारली नाही? कारण त्याचे दिवस होऊन गेले होते. गेलेला माणूस दिसला तर नावानं हाक मारू नये. त्या तडक घरी गेल्या, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि देवापुढं बसल्या.

"आणि फोन? फोन का नाही केला हो त्यांनी?" माझा पाराच चढला.

"असलं फोनवर कसं सांगणार मा? दिवस झालेल्या पोराचं? तोंडानं सांगावं, मठात, देवाच्या समोर. म्हणून आराधनेपर्यंत थांबली." राव हे अगदी सरळ सांगत होते. त्यांच्या लेखी त्यात गैर काहीच नव्हतं, आणि हेच मला जास्त भयंकर वाटलं. जाताना म्हणाले, "वेदवतीला नको सांगू. भास असेल."

दुसऱ्या दिवशी पंगतीत त्यांच्या शेजारी हुणसूरचे कृष्णमूर्ती बसले. त्यांचं तिथं कापड-सुईदोऱ्याचं दुकान आहे. ताक ओतताना हळूच म्हणाले, राव, रागावू नका, पण एप्रिलमध्ये माझ्या दुकानात तुमचा विजयेंद्र येऊन गेला. सुई आणि जाड दोरा मागितला. पायरीवर बसून पिशवीचा बंद शिवला, सुई परत दिली आणि म्हैसूर रस्त्यानं चालत गेला. कृष्णमूर्तींनी ती सुई चिमटीत धरून नेऊन तळ्यात टाकली. आणि तेही आराधनेपर्यंत गप्प.

तिसऱ्या दिवशी हात धुवायच्या नळापाशी संकर्षणनं गाठलं. संकर्षण म्हणजे रावांचा सख्खा पुतण्या, राहणार हिनकलचा. आमच्या घरापासून चार किलोमीटर! त्यानं विजयेंद्रला हिनकलच्या फ्लायओव्हरखाली उभा बघितला होता. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी.

राव त्याच्या अंगावर धावून गेले म्हणे. "चार किलोमीटर! गाढवा, चालत येऊन सांगायचं होतंस!"

"काय सांगू काका?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पिंड तुम्हीच दिला. दुसऱ्या दिवशी त्याचं श्राद्ध. मला वाटलं, उद्याच्या जेवणाला आलाय. ते येतात ना त्या दिवशी? आपणच बोलावतो ना त्यांना?"



त्या दिवशी राव घरी आले ते एकदम तरणे होऊन. कपाटातून म्हैसूर-मडिकेरी भागाचा जुना नकाशा काढला, खिडकीच्या काचेला लावला, वर ट्रेसिंग. मला खाली बोलावलं. आणि ज्या पेननं चाळीस वर्षं क्वेसारचे ठिपके काढले त्याच पेननं ठिपके काढले. मडिकेरी. हुणसूर. हिनकल. शेजारी तारखा.

"नोड मा, बघ," ते म्हणाले. "परवा तो मडिकेरीत होता. काल हुणसूरला. आज हिनकलला. एकशे वीस किलोमीटर तीन दिवसांत. चालणारा माणूस! कसं शक्य आहे? पण तो आठ महिने चालत होता. लांबची बातमी जुनी, तिला यायला नऊ महिने लागले. जवळची नवी, तिला तीन आठवडे. सगळ्या एकदम पोचल्या. हे मी चाळीस वर्षं बघतोय की गं! एवढ्या वेगानं सरकतोय म्हणजे आपल्याकडेच येतोय. तो जिवंत आहे. त्याच्या बातमीच्या पाठीशीच आहे!"

मागं भांडं वाजलं. काकू दारात उभ्या होत्या, हातात कॉफीचा ट्रे. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.  ट्रे खाली ठेवला, नकाशापाशी आल्या आणि हिनकलच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. नंतर बोट सरकवत आणलं बोगादीवर, जिथं ठिपका नव्हता.

"पुढचा इथं," त्या म्हणाल्या.



रावांनी लगेच श्राद्ध सांगणाऱ्या आचार्यांना फोन लावला. अशा गोष्टी फोनवर विचारता येतात वाटतं. दिवस केलेला मुलगा परत आला तर? आचार्य म्हणाले, शास्त्रात आहे. तो पुन्हा जन्मला असं धरायचं. तुपानं माखून न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, नाव ठेवायचं, मुंज करायची, सगळं पहिल्यापासून. राव सांगत होते आणि काकूंच्या तोंडावर तेरा वर्षांत नव्हतं ते हसू आलं.

"सत्तराव्या वर्षी बाळंतीण करताय मला," त्या म्हणाल्या. "होईन की. त्यात काय! नाव तेच ठेवू. तूप मात्र घरचं हवं, बाजारचं नाही चालणार मला." आणि त्याच संध्याकाळी लोणी आणायला मला पिटाळलं. पाच किलो.

मी लोणी आणून दिलं, वर गेले आणि पलंगावर बसून राहिले. देवेश विचारत होता काय झालं. माझ्या जिभेला त्या दिवशी पहिल्यांदा खीळ बसली. कारण पुढचा ठिपका कुठं होता ते मला ठाऊक होतं. तो पडून गेला होता. आणि तो माझ्यापाशी होता.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी खाली गेले तेव्हा घरभर लोणी कढल्याचा वास सुटला होता. काकू गॅसपाशी होत्या. राव व्हरांड्यात खुर्ची टाकून फाटकाकडं बघत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांच्यासमोर खालीच बसले आणि म्हटलं, "काका, मला मारा हवं तर. पण ऐका."

वर्षश्राद्धाच्या दिवशी, तुम्ही पश्चिमवाहिनीला गेला होतात तेव्हा, एक माणूस आला होता. मी कामात होते, बारा वाजता एक भाषांतर द्यायचं होतं. खालची बेल वाजली. मी जिन्यातूनच वाकून बघितलं. दाढीवाला, वाळलेला, हातात पिशवी. वर्गणीवाला असेल म्हणून मी तिथूनच ओरडले, "कोण पाहिजे?"

"राव आहेत?"

"नाहीत. श्राद्धाला गेलेत पश्चिमवाहिनीला."

"कुणाचं श्राद्ध?"

मी म्हटलं, "मुलाचं. एकच होता, तो गेला." हे असंच म्हटलं मी, भाजी संपली म्हणावं तसं.

तो थोडा वेळ हॉलच्या खिडकीकडं बघत राहिला. तिथं काचेला रावांचे ट्रेसिंग पेपर चिकटवलेले होते. मग म्हणाला, "हौदा?"

मी म्हटलं, "काही निरोप?"

म्हणाला, "काही नाही. काम होतं. आता नाही." आणि मग, "पाणी मिळेल?"

मी खाली आले, तांब्या दिला. त्यानं तांब्याला तोंड न लावता वरून पाणी ओतून घेतलं, सगळं. तांब्या कट्ट्यावर पालथा ठेवला. आणि गेला. जाताना त्यानं फाटक गुडघ्यानं उचललं आणि कडी घातली. येताना करकरलं नव्हतं, जातानाही करकरलं नाही. पाच वर्षं मी त्या फाटकावरून कटकट करतेय, आणि एवढं डोळ्यांसमोर होऊन मला काही उमगलं नाही. मी वर जाऊन भाषांतर पूर्ण केलं. संध्याकाळी तुम्ही दोघं थकून आलात तेव्हा सांगायचं लक्षातही राहिलं नाही.

हे सगळं मी मान खाली घालून सांगितलं. वर बघितलं तेव्हा राव उठून आत हॉलच्या खिडकीशी गेले होते. पेन उघडलं होतं. बोगादीवर त्यांनी ठिपका काढला, शेजारी तारीख घातली, अगदी सुबक. मग त्या चार ठिपक्यांकडे बघत उभे राहिले.

"काका, आता?" मी विचारलं.

"आता जाणारी बस मा," ते म्हणाले. "आता त्याची बातमी यायला वेळ लागेल. प्रत्येक वेळी जास्त." आणि पेनाचं टोपण लावायला गेले तर त्यांना ते लावता येईना. मीच लावून दिलं.

मग ते बाहेर पडले, चपला न घालता. संकर्षणला घेऊन चार दिवस फिरले, हिनकल, येलवाळ, तळं, बसस्टँड, हुणसूरपर्यंत. तो सापडला नाही. अजून सापडलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पाच महिने झाले, एक ठिपका नाही. राव आता भेटेल त्याला बजावतात, दिसला तर फोन करा, भास वाटला तरी करा, मध्यरात्री करा. ज्या माणसानं म्हटलं होतं बातमी नको, तो आता फोन उशाशी घेऊन झोपतो.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचंच. राव गेले आणि घरात मी आणि काकू राहिलो. मला वाटलं होतं काकू आता माझा गळा धरतील. धरला असता तर बरं झालं असतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, झाऱ्यानं तूप ढवळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाणी दिलंस?" त्यांनी विचारलं.

"दिलं काकू. तांब्याभर."

"किती वाजले होते?"

मी आठवलं. बाराला काम द्यायचं होतं. "साडेअकरा. पावणेबारा म्हणा फार तर."

झारा थांबला. "तेव्हा हे पाण्यात उभे होते," काकू म्हणाल्या. "कमरेइतक्या पाण्यात. आचार्य नाव घ्यायचे आणि हे ओंजळीनं पाणी सोडायचे. विजयेंद्राला, विजयेंद्राला. मी काठावर बसून मनात म्हणत होते, कुणाला देताय हे पाणी? कुठं जातंय ते? माझा मुलगा कुठंतरी तहानलेला असेल आणि तुम्ही नदीत ओतताय."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "काकू, मला माफ करा."

त्या वळल्या. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले, स्वतःचे पुसले नाहीत.

"पोचलं म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि गॅस बंद केला. तूप कढून तयार झालं होतं.